शिवलेलं डिपॉझिट

किरायाच्या घराचं डिपॉझिट परत मिळत नसतं, हे मी नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतच शिकून घेतलं होतं. परभणीतल्या मालकाने जाताना रंगाचे पैसे कापून घेतले. तो रंग त्याने अजून दिलेला नाही. मी त्या गल्लीतून अधूनमधून जातो आणि भिंत माझ्या ओळखीची आहे. जिंतूरच्या मालकाने खिळ्यांचे कापले. खिळे आमच्या आधीपासून होते. मी तसं म्हणालो, तर तो म्हणाला, "मग वापरले कशाला?" आम्ही वापरले होते, हे खरं.

मी सरकारी कचेरीत कारकून आहे. माझी बदली जिल्ह्याबाहेर होत नाही, पण जिल्ह्यात तालुके पुष्कळ आहेत. त्यामुळे मालक या जातीचा माझा अभ्यास बरा आहे. माझा स्वभाव मुळात चिडका, त्यात हा अभ्यास. बायको म्हणते, नवीन घर बघायला गेलो की मी आधी मालकाच्या तोंडाकडे बघतो आणि मग छताकडे, आणि दोन्हीकडे सारख्याच नजरेने बघतो. गळकं कोणतं, हे आधीच ठरवून.

शेतीतलं बरं असतं. बोरीला आमची थोडी जमीन आहे, ती वडिलांनी शेजाऱ्याला ठोक्याने दिलेली आहे. पाडव्याला बोली होते. निम्मे पैसे तेव्हा, निम्मे सोयाबीन निघाल्यावर. पुढच्या पाडव्याला जमीन मोकळी. डिपॉझिट नाही, बाँड नाही. जमिनीला कुणी खिळे मारत नाही आणि ती रंगवावी लागत नाही, हे त्यामागचं कारण असावं.

पाथरीला बदली झाली तेव्हा मी घर शोधत एका पिठाच्या गिरणीपाशी पोचलो. गिरणीमागे तीन खोल्या रिकाम्या आहेत असं चहावाल्याने सांगितलं होतं. गिरणी एक विधवा बाई चालवत होती. वय साठीच्या आसपास, भुवयांवर पीठ, आवाज गिरणीच्या वर जाणारा. सगळी गल्ली तिला मावशी म्हणत होती, म्हणून मीही म्हणालो. तिने मोटार बंद केली नाही. ज्वारी ओतता ओतताच तिने मला घराचे नियम सांगितले.

"किराया म्हैन्याच्या म्हैन्याला. लाईटचं मीटर वायलं हाय. अमानत दहा हजार. पण ती म्या घेत न्हाई."

"घेत नाही म्हणजे?"

"घेते, पण हात लावत न्हाई. तुमी घरून मोजून आणायची. कपडा तुमचा, दोरा तुमचा. तुमच्या मालकीणबाईनं मह्यासमोर बसून पिशवी शिवायची. म्या पेटीत ठेवणार. जायच्या दिवशी शिवण बघायची, तीच हाय का, आन् घेऊन जायची."

"तुम्ही मोजून घेणार नाही?"

"म्या आत बघतच न्हाई."

"आणि मी आत नुसते कागद भरून आणले तर?"

"मंग जाताना कागद घेऊन जावा," ती म्हणाली आणि पुढचा डबा ओढला.

मला अशी माणसं सहसा भेटत नाहीत. म्हणून मी लगेच संशय घेतला. विचारलं, "समजा घराचं काही नुकसान झालं. मग कशातून कापणार?"

"कापायचं कशाला? भांडीन की तुमच्यासंगं."

हा नियम तिने पुढे काटेकोरपणे पाळला. चुलीशेजारची भिंत काळी झाली तेव्हा भांडली, मोरीत भात अडकला तेव्हा भांडली, आणि एकदा आम्ही गावाला गेलो असताना नळ चालू राहिला, तेव्हा तर आम्ही परत येईपर्यंत थांबली, जेवू दिलं आणि मग भांडली. पैशाचा विषय त्यात कधी आला नाही.

हा प्रकार तिच्या सासऱ्यापासून चालत आला होता. लोक गावाला जाताना त्याच्याकडे चीजवस्तू ठेवत. अमानतीकडे बघितलं की हात जातो, म्हणून बघायचंच नाही, असं त्याचं म्हणणं होतं. सासरा गेला, नवरा गेला, गल्लीची सवय तेवढी राहिली. कुणी यात्रेला निघालं, कुणी लेकीच्या बाळंतपणाला, की घराची किल्ली गिरणीत. एखादीचं मंगळसूत्रसुद्धा. मावशी ते फडक्यात बांधून घ्यायची आणि पुन्हा दळायला लागायची. बँकेच्या लॉकरला किल्ली दोन ठिकाणी असते. इथे पेटीला कुलूपच नव्हतं.

आम्ही राहायला आलो त्या दिवशी मी दहा हजार रुपये वर्तमानपत्रात गुंडाळून आणले. बायकोने जुन्या उशीच्या अभ्र्याची पिशवी केली होती. मी पुडकं आत सरकवलं आणि तिने मावशीसमोर बसून हिरव्या दोऱ्याने तोंड शिवून टाकलं. बायकोची टीप बारीक असते आणि शेवटची गाठ ती दोनदा मारते. मावशीने शिवण बोटाने चाचपली. "हात चांगलाय," म्हणाली. पिशवी पेटीत गेली.

घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं, "ती आज रात्रीच उसवणार आणि उद्या कापडवाल्याकडून हिरवा दोरा आणणार."

"माझ्यासारखी टीप तिला येणार नाही," बायको म्हणाली. तिची सगळी श्रद्धा तिच्या टीपेवर होती, माझा सगळा अनुभव मालकांवर. असे आम्ही दोघं तिथे नांदायला लागलो.

वर्षभराने गिरणीची मोटार जळाली. मोटार नव्या तारेने भरून आणायला मोठा खर्च येतो, आणि ती दोन दिवसांत भरून आली. मी मनातल्या मनात आमचे दहा हजार त्या मोटारीत घालून टाकले. नंतर गिरणी सुरू झाली की मला आपलेच पैसे फिरताना ऐकू यायचे. मला राग नव्हता. मालकाने डिपॉझिट वापरायचं आणि पुढच्या किरायदाराकडून घेऊन मागच्याला द्यायचं, ही जगाची रीत आहे. पिशवीचा सोहळा तेवढा जास्तीचा होता.

मग नोटबंदी आली.

गिरणीत कुणी हजाराची नोट आणत नाही. दहा किलो ज्वारीला हजाराची मोड कोण देणार? मावशीकडे पाचशेच्या थोड्याशाच नोटा निघाल्या. त्या खात्यात भरायला तिला बँकेत एकटीला जायचं नव्हतं, म्हणून मी साहेबांना सांगून गेलो. रांग बँकेतून निघून हॉटेलाला वळसा घालून परत बँकेकडे येत होती. उन्हात उभं राहून मी तिला सरकारबद्दल, बँकेबद्दल आणि रांगेत मध्ये घुसणाऱ्यांबद्दल माझी मतं सांगितली. ती ऐकत होती. खिडकीजवळ आल्यावर मी विचारलं, "मावशी, अजून काही असेल तर आताच काढा. पुन्हा पुन्हा येणं व्हायचं नाही."

"महं एवढंच हाय," ती म्हणाली.

आणि ते खरंच होतं.

आता मागे वळून बघितलं की सगळं स्वच्छ दिसतं. पिशवीत कोणत्या नोटा आहेत हे मावशीला माहीत नव्हतं, कारण ती बघत नाही. बायकोला माहीत नव्हतं, कारण मी पुडकं बांधून दिलं होतं. माहीत असलेला माणूस एकटा मी, आणि माझा त्या पिशवीवर विश्वास नव्हता. ती कधीच रिकामी झाली म्हणून मी हिशेबातून काढून टाकली होती.

काही वर्षांनी माझी पूर्णेला बदली झाली. सामान टेम्पोत चढलं. पूर्णेच्या घरमालकाने फोनवर बजावलं होतं की डिपॉझिट हातात पडल्याशिवाय किल्ली मिळणार नाही. मी मावशीकडे गेलो, ते भांडणाच्या तयारीने. पुढचा किरायदार येऊ द्या, मग देते, असं ती म्हणाली की काय काय बोलायचं, हे मी आदल्या दिवशीपासून जुळवत होतो. चांगली वाक्यं होती. एकही वापरता आलं नाही.

मावशीने मोटार बंद केली. दळणाला आलेल्या बायका होत्या, त्यांना म्हणाली, "थांबा गं जरा, अमानत द्यायचीय." हात धुतले, पेटी उघडली आणि उशीच्या अभ्र्याची ती पिशवी बायकोच्या हातात ठेवली.

"बघा बाई. शिवण तीच हाय का?"

बायकोने पिशवी उजेडाला धरली. हिरवा दोरा, बारीक टीप, शेवटी दुहेरी गाठ. दोरा थोडा विटला होता. "तीच आहे," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काही वर्षांचं व्याज होतं.

"बेबाक?" मावशीने विचारलं. हिशेब चुकता का, असं.

"बेबाक," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा डिपॉझिट पुरतं हातात आलं होतं, तेही मी ज्या बाईला मनातून चोर ठरवून बसलो होतो तिच्याकडून. चार बायका बघत होत्या. मावशीची मान ताठ होती. एरवी तिच्या चेहऱ्यावरचं काही पिठामुळे कळायचं नाही. त्या दिवशी कळत होतं.

टेम्पोत मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो आणि बायकोला व्याख्यान दिलं. जगात अजून सचोटी कशी शिल्लक आहे, माणसाने माणसावर विश्वास कसा ठेवला पाहिजे, वगैरे. मानवत येईपर्यंत मी बोलत होतो. मानवतच्या पुढे ड्रायव्हरने गाणी लावली.

पूर्णेचे घरमालक रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी अकरा महिन्यांचा करार बाँडवर टाईप करून ठेवला होता आणि नियम मोठ्याने वाचून दाखवले. खिळा मारण्यापूर्वी विचारावे. पाहुणा मुक्कामाला असल्यास कळवावे. गच्चीवर पापड वाळत घालू नयेत. मी प्रत्येक नियमाला मान डोलवत होतो, कारण मनाने मी अजून मानवतच्या अलीकडेच होतो. डिपॉझिटची वेळ आली तेव्हा मी त्यांच्याकडे ब्लेड मागितलं आणि म्हणालो, "बघा काका, याला म्हणतात घरमालक. इतकी वर्षं हात लावलेला नाही." मग मी शिवण उसवली, पुडकं सोडलं आणि नोटा टेबलावर ठेवल्या.

हजाराच्या दहा नोटा. कोऱ्या करकरीत.

काकांनी चष्मा पुसून परत लावला. एक नोट उचलली, उलटी केली आणि जागेवर ठेवली.

"साहेब," ते शांतपणे म्हणाले, "ही गाडी गेली."

बायको म्हणाली, "झाकली मूठ होती तोवर सव्वा लाखाची होती." जाताना कागद घेऊन जावा, असं मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं होतं.

काका माणूस वाईट नव्हता. माझ्या खात्यातून निघाले तेवढे त्यांनी घेतले, बाकीच्या पैशांसाठी पंधरा दिवसांची मुदत बाँडच्या समासात शाईने लिहिली आणि किल्ली दिली. ते बाकीचे मी पुढे पतसंस्थेतून उचलले. नोटांचं काही होतं का, म्हणून बँकेतल्या एका ओळखीच्याला विचारलं. बदलायची मुदत केव्हाच संपली, तो म्हणाला. आणि जवळ फार बाळगू नका, दहापर्यंत चालतात, अकरावी सापडली की गुन्हा. माझ्याकडे बरोबर दहा होत्या. कायद्याच्या आत मी इतका नेमका आयुष्यात कधीच बसलो नव्हतो.

पण ते नंतर. त्या दिवशी संध्याकाळी, सामान अजून पोत्यात असताना, मी मावशीला फोन लावायला निघालो. मला राग आला होता आणि राग आला की मला फोन लावावासा वाटतो. बायकोने फोन हातातून काढून घेतला.

"काय सांगणार आहात?"

"हेच, की तिने हात लावला असता तर पैसे वाचले असते."

"आणि मग ती काय करेल?"

मी विचार केला. मावशी काय करेल हे सांगायला ज्योतिषी नको होता. ती त्याच दिवशी पैसे उभे करेल, कुठूनही. गल्लीला सांगेल, कारण लपवणं तिला जमत नाही. मग गल्लीत कुणीतरी हसेल. कुणीतरी यात्रेला जाताना किल्ली दुसरीकडे ठेवून जाईल, वाईट हेतूने नाही, आपलं असंच. त्या बाईकडे गिरणी होती, तीन खोल्या होत्या, पण खरी मिळकत ती कुलूप नसलेली पेटी होती. दहा हजारांसाठी ती फोडायची होती का? मला दहा हजार फार हवे होते, हेही खरं. पतसंस्थेचा हप्ता पगारातून जायला लागल्यावर मी प्रत्येक महिन्याला ते पुन्हा एकदा हवेसे करून घेत असे.

आम्ही न सांगायचं ठरवलं. मला त्यात मोठेपणाही वाटला. तो थोडे दिवस टिकला.

आठवड्याभरात मावशीचाच फोन आला. "घर लागलं का?" "लागलं." "पाणी?" "येतं." "अमानत मोजली का?"

"मोजली. बरोबर दहा हजार."

यात खोटं काही नव्हतं. नोटांवर तसं छापलेलं होतं.

त्यानंतर सणावारी फोन व्हायचे. ती पैशाचा विषय काढायची नाही, मीही नाही. पाऊसपाणी झालं, पूर्णेच्या गाड्या झाल्या, माझे गुडघे आणि तिची मोटार झाली, की दोन्ही बाजूंना थोडा वेळ कुणीच बोलायचं नाही. मग ती म्हणायची, "बरं, ठिवते." मला वाटायचं, वय होतंय तिचं. ताकाला जाऊन भांडं लपवणारा मी एकटाच आहे, असा माझा समज होता.

जवळजवळ वर्षाने, एका रविवारी सकाळी, मावशी पूर्णेला आमच्या दारात उभी राहिली. पाथरीहून एसटीने परभणी, परभणीहून पॅसेंजर. एका हातात ज्वारीच्या पिठाचा डबा, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. भुवया स्वच्छ होत्या, त्यामुळे मला तिला ओळखायला एक क्षण लागला. बायको पाणी घेऊन आली.

"पाणी मागून. आधी काम," मावशी म्हणाली आणि खाली बसली. पिशवीतून हातरुमाल काढला, गाठ सोडली आणि माझ्यासमोर सरकवला. चालू नोटा होत्या. पाचशेच्या, दोनशेच्या, शंभराच्या, आणि पिठाचा वास येणाऱ्या पुष्कळशा दहावीसच्या. "मोजा."

मी बायकोकडे बघितलं. बायको तांब्याकडे बघत होती.

"मावशी, अहो, हे कशाचे?"

"तुमाला ठावं हाय कशाचे. मला खोटं कामून बोलले?"

"खोटं बोललो नाही."

"दहा हजार बरोबर, म्हणले. व्हते का बरोबर?"

"तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून..."

"मंग वाटलंच की!" तिचा आवाज चढला. तो आवाज गिरणीच्या वर जाण्यासाठी घडलेला होता. आमच्या बैठकीत तो मावत नव्हता. "चार बायांपुढं म्या शिवण दाखवली तुमाला. मान वर करून. आन् आत मेलेल्या नोटा. तुमाला कळलं, तुमी गप. म्या तिकडं आणखी चार जणींना सांगायलेय, बघा, इतक्या सालाची अमानत जशीच्या तशी दिली. कोण हासत असल, ध्यान केलं का तुमी?"

मी ते ध्यान केलं नव्हतं. तिला उघडं पाडायचं नाही, एवढाच विचार मी केला होता. झाकून ठेवल्याने ती रोज थोडी थोडी उघडी पडत होती, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि हे आधी कळण्याइतका मी हुशार नव्हतो याचंही वाटलं.

मग ती आवाज खाली आणून बोलली. आमच्यानंतर खोल्या एका शाळामास्तराने घेतल्या होत्या, बिनलग्नाच्या. तो डिपॉझिट घेऊन आला तेव्हा तिने त्याला कौतुकाने आमची गोष्ट सांगितली. मास्तराने विचारलं, पिशवी कधी शिवली होती? तिने सांगितलं. आत कोणत्या नोटा होत्या? म्या बघत न्हाई, ती म्हणाली.

"मंग त्यो गप बसला. लय वेळ गप बसला. तवाच मला कळलं."

हे आम्ही सोडून गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात घडलं होतं. म्हणजे त्यानंतरच्या प्रत्येक फोनवर तिलाही माहीत होतं आणि मलाही.

"त्या दिवशी मास्तराची अमानत म्या वापस केली. म्हणलं, ऱ्हा तसाच. आधीची फिटली न्हाई तवर दुसऱ्याची घ्यायची न्हाई. किल्ल्याबी घेईना झाले. कुणी आलं की म्हणायची, गिरणीत पीठ उडायलंय, हरपल तुमची किल्ली, दुसरीकडं ठिवा." ती थांबली. "बाया ठिवायल्या दुसरीकडं."

मास्तराच्या किरायातून ती दर महिन्याला बाजूला काढत होती. गिरणीच्या पैशातले तिने त्यात थोडेच घातले होते. घराच्या अमानतीचे पैसे घरातूनच फिटले पाहिजेत, असा तिचा हिशेब होता.

"मावशी, चूक एकट्या तुमची नाही," मी म्हणालो. "नोटा मी घातल्या होत्या. बँकेत तुमच्या शेजारी मीच उभा होतो. निम्मे घेतो. निम्मे तुम्ही ठेवा."

"अमानतीत निम्मं नसतंय. मोजा."

बायकोने मला डोळ्याने खुणावलं, घ्या म्हणून. मी मोजायला बसलो. दहाच्या नोटा फार होत्या आणि मला मध्येच दिसेनासं व्हायचं, त्यामुळे पहिल्यापासून मोजावं लागलं. मावशी घाई करत नव्हती. बरोबर निघाले. मी तसं सांगितलं.

"आता जुन्या द्या."

"जुन्या?"

"मंग? हे तुमचे तुमाला पोचले. त्या आता मह्या. का टाकल्या?"

मला माहीतच नव्हतं. त्या दिवशी टेबलावरून नोटा कुणी उचलल्या हेही मी बघितलं नव्हतं. बायको उठली, आत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात उशीच्या अभ्र्याची ती पिशवी होती. तोंड हिरव्या दोऱ्याने शिवलेलं. बारीक टीप, शेवटी दुहेरी गाठ.

मावशीने पिशवी घेतली. शिवणीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं. हा दोरा विटलेला नव्हता.

"वापस शिवली?"

"शिवली," बायको म्हणाली. "तुमचीच होती ना ती. उघडी कशी ठेवायची?"

पिशवी तिच्या मांडीवर होती आणि दोन्ही हात पिशवीवर.

मग म्हणाली, "पाणी द्या बाई."

तांब्याभर पाणी प्याली. जेवली. आमच्या मोरीचा उतार चुकलाय म्हणाली, तो चुकलाच आहे. उद्यापासून मास्तराकडून अमानत घेणार, आणि दर पाडव्याला त्याच्यासमोर शिवण उसवून, आत चालू नोटा आहेत ना ते त्यालाच बघायला लावून, परत शिवून घेणार, असा नवा नियम तिने जाहीर केला. ती स्वतः बघणार नाही, हा जुना नियम कायम होता. एकच अडचण होती. मास्तर बिनलग्नाचा, त्याच्या घरात सुईदोरा नाही.

"आन् मह्या घरचा दोरा चालत न्हाई," ती म्हणाली. "ह्यो हिरवा हाय का अजून? तुमच्या घरच्या दोऱ्यानं शिवून घेते. मास्तराला सांगन, ह्यो दोरा माणसं पारखून आणलाय."

बायकोने अख्खं रीळ आणून दिलं. मावशीने कनवटीची दहाची नोट काढली. बायको नको नको म्हणाली.

"दोऱ्याचे न्हाई देत," मावशी म्हणाली. "रीळ वापस आणून देते. तवर अमानत ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं."

मी तिला स्टेशनवर सोडायला गेलो. तिकीट तिने मला काढू दिलं नाही.

रीळ अजून पाथरीलाच आहे. गिरणीत किल्ल्या परत यायला लागल्यात, असं मास्तराने फोनवर सांगितलं. मावशीची दहाची नोट आमच्या कपाटात आहे, बायकोने ती कापडात शिवून ठेवली आहे. दर पाडव्याला मी शिवण उसवतो, दहाच्या नोटा चालू आहेत ना ते किराणा दुकानात विचारून येतो, आणि बायको ती परत शिवते.